अरिना रॉक आणि सभागृहाचा घुमारा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अरिना रॉक या, प्रचंड क्रीडागृहांतील हजारो श्रोत्यांपुढे वाजणाऱ्या पाश्चात्त्य संगीतप्रकाराविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकांनी सत्तरच्या दशकातील बँडची माहिती आस्थेने गोळा केली आहे आणि त्यांची भाषाही प्रसन्न आहे. मात्र या संगीतात आवाज वाढवण्यापलीकडे फारसे काही नाही, त्याचे ठेके शाळकरी आणि सुरावटी बाळबोध आहेत, आणि आपल्याकडील मिरवणुकांतील डीजेच्या भिंती हे त्याचेच देशी रूप होय, हा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. मी संगीतसमीक्षक नाही. वाईत गेली अडतीस वर्षे मी ध्वनिक्षेपणाचा व्यवसाय करतो. कीर्तने, प्रचारसभा, नाटके, लग्ने आणि शाळांची स्नेहसंमेलने यांना माइक पुरवण्यात माझा जन्म गेला आहे. एखादे गाणे एका सभागृहात सुरेख वाजते आणि तेच गाणे, तेच गायक, तेच स्पीकर असूनही दुसऱ्या सभागृहात त्याचा चिखल होतो, हे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की कोणतेही संगीत ऐकताना ते कोणत्या जागेसाठी केले आहे हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. लेखकांनी तो विचारलेलाच नाही, आणि अरिना रॉकच्या बाबतीत तो टाळून पुढे जाता येत नाही.

नावापासून सुरुवात करतो. अरिना या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ वाळू असा आहे. रोमन लोकांच्या झुंजी ज्या वाळू पसरलेल्या रिंगणात होत, त्या रिंगणालाच पुढे ते नाव पडले. आपल्या आखाड्यातील तांबड्या मातीची आठवण व्हावी असाच हा शब्द आहे. अमेरिकेत मात्र अरिना म्हणजे बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे छत असलेले प्रचंड क्रीडागृह. १९६७ मध्ये तेथील राष्ट्रीय हॉकी संघटनेने संघांची संख्या सहावरून बारा केली, आणि नव्या संघांसाठी नवी क्रीडागृहे उभी राहिली. फिलाडेल्फियातील स्पेक्ट्रम आणि लॉस एंजेलिसजवळील इंगलवूडचे फोरम ही दोन्ही त्याच वर्षीची आहेत. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची आजची इमारत १९६८ मध्ये खुली झाली. पंधरा ते वीस हजार माणसे बसतील अशी ही घरे होती. खेळाचे सामने काही रोज होत नसत, त्यामुळे रिकाम्या रात्री मालकांना काहीतरी कार्यक्रम हवेच होते. या संगीतप्रकाराच्या जन्मात कवींचा आणि संगीतकारांचा जेवढा हात आहे, त्याहून बर्फावरच्या हॉकीचा कमी नाही, असे मी म्हटले तर ते विनोदाने घेऊ नये.

त्याआधी रॉक संगीत ज्या जागांत वाढले, त्या जागा लहान होत्या. बिल ग्रॅहम या आयोजकाचे न्यूयॉर्कमधील फिलमोर ईस्ट हे नाट्यगृह सुमारे अडीच-तीन हजार श्रोत्यांचे होते; १९७१ च्या जूनमध्ये त्याने ते बंद केले, तेव्हा कलावंतांचे वाढलेले मानधन आणि मोठ्या क्रीडागृहांकडे वळलेला धंदा हीच त्याची तक्रार होती. अठरा हजार तिकिटे एका रात्रीत खपत असतील, तर अडीच हजारांच्या घरात सात रात्री गाण्याचे कष्ट कोण घेणार? हा हिशेब काव्यमय नाही. पण आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचे दौरे ज्या हिशेबावर चालत, त्याहून तो वेगळाही नाही.

लेखकांनी १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये केलेल्या कार्यक्रमाचा उल्लेख या शैलीची सुरुवात म्हणून केला आहे. माझ्या मते तो कार्यक्रम या शैलीचा आरंभ नसून तिची गरज दाखवून देणारा अपघात होता. सुमारे ५५,६०० श्रोत्यांपुढे चौघे तरुण उभे होते. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी १०० वॉटचे खास अ‍ॅम्प्लिफायर बनवले होते, आणि गाणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्यासाठी बेसबॉलच्या घोषणा करणाऱ्या कर्ण्यांचा आधार घ्यावा लागला होता. गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावर तोंड करून ठेवतात तो मॉनिटर तेव्हा प्रचारात नव्हता. तरुणींच्या किंकाळ्यांत त्यांना एकमेकांचेही ऐकू येईना, आणि ड्रम वाजवणाऱ्या रिंगो स्टारला सहकाऱ्यांच्या हालचाली पाहून लय सांभाळावी लागे. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम करून त्यांनी दौऱ्यांना रामराम ठोकला. जगातील सर्वांत लोकप्रिय गायकवृंदाला मोठ्या जागेपुढे हात टेकावे लागले, ते त्यांची गाणी वाईट होती म्हणून नव्हे. ती लहान खोलीसाठी बांधलेली होती आणि ती पोहोचवणारी यंत्रणा अजून जन्मायची होती.

ती यंत्रणा पुढच्या आठ-दहा वर्षांत ज्यांनी उभी केली, त्यांच्याविषयी लेखात एक ओळही नसावी, याचे मला व्यवसायबंधू म्हणून वाईट वाटले. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६५ मध्ये 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडच्या मागणीवरून १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आठ स्पीकरचे एकच अवाढव्य खोके तयार केले. हमालांनी ते उचलण्यास कुरकुर केल्यावर त्याचे चार-चार स्पीकरचे दोन भाग करून ते एकावर एक रचण्यात आले, आणि रॉकच्या रंगमंचावरील ती सुप्रसिद्ध उतरंड अशी हमालांच्या पाठदुखीतून जन्मली. पेनसिल्व्हेनियातील लिटिट्झ नावाच्या लहान गावातील रॉय आणि जीन क्लेअर या भावांना वडिलांनी नाताळची भेट म्हणून ध्वनिक्षेपणाचा एक छोटा संच दिला होता. तो गावातल्या कार्यक्रमांना देता देता ते १९६६ पासून नामांकित गायकवृंदांबरोबर दौऱ्यावर जाऊ लागले, आणि सत्तरच्या दशकात मोठ्या क्रीडागृहांतील अनेक कार्यक्रमांचा आवाज याच क्लेअर बंधूंच्या हाती होता. गावातल्या साउंडवाल्याने हे वाचले की त्याची छाती फुगते, हे मी नाकारत नाही. १९७३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेन येथे सुमारे सहा लाखांचा जमाव जमला, तेव्हा दूरच्या श्रोत्यांसाठी मध्ये मनोरे उभारून त्यांवरील स्पीकरना विद्युत उपकरणाद्वारे मुद्दाम उशीर देण्यात आला, जेणेकरून रंगमंचाकडून हवेतून येणारा आवाज आणि मनोऱ्यावरील आवाज श्रोत्याच्या कानाशी एकाच क्षणी पोहोचावेत. पुढच्या वर्षी ग्रेटफुल डेड या बँडने सुमारे ६०० स्पीकरची भिंत आपल्या पाठीमागे उभी केली. स्पीकरच्या पुढ्यात माइक ठेवला की तो शिट्टी मारतो, हे या धंद्यातले पहिले दुखणे. त्यावर त्यांनी प्रत्येक गायकापुढे उलट जोडणीचे दोन माइक ठेवले आणि त्यांतील एकातच तो गाईल अशी युक्ती केली; दोन्हींत सारखा शिरणारा भिंतीचा आवाज परस्पर रद्द होई. ती भिंत वाहून नेणे न परवडल्याने वर्षाच्या आतच मोडीत निघाली. हा बँड अरिना रॉकचा नव्हे, परंतु त्या काळी एकाच प्रश्नाशी किती डोकी झटत होती, हे त्यावरून दिसते.

आता मूळ मुद्दा. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. रंगमंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या श्रोत्याला ड्रमचा ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि काँक्रीटच्या भिंती व पत्र्याचे छत यांवर आपटून परतणारा तोच ठोका त्यानंतरही दोन-तीन सेकंद सहज रेंगाळतो. खर्जाचा भाग तर सर्वांत उशिरा विरतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरून वादकाने चौगुन, म्हणजे एका मात्रेत चार बोल, वाजवली, तर दोन बोलांमध्ये एक अष्टमांश सेकंदच उरतो. म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाच्या कानात एकाच वेळी पंधरा-वीस बोलांची खिचडी शिजत असते. कसबी वादकाचे सगळे कसब तेथे मातीमोल होते. अशा घरात काय टिकते? सावकाश, ठळक आणि दोन ठोक्यांत मोकळी जागा ठेवणारा ठेका टिकतो. दीर्घ स्वरावर थांबणारा, लांबलचक आकार-ओकार घेणारा ध्रुपदाचा, म्हणजे गाण्यात पुनःपुन्हा येणाऱ्या ओळीचा, शब्द टिकतो. खर्जाच्या गदारोळावर तरंगणारा तार सप्तकातील पुरुषाचा आवाज टिकतो, कारण माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, तेथे त्याला गर्दी कमी मिळते. जर्नी या बँडचा स्टीव्ह पेरी, बोस्टन या बँडचा ब्रॅड डेल्प, फॉरिनर या बँडचा लू ग्रॅम हे तिघेही असे टिपेला गाणारे निघाले, हा निव्वळ योगायोग नसावा. माइक नव्हते तेव्हा आपले शाहीर आणि संगीत नाटकांतील नट वरच्या पट्टीत का गात, याचे उत्तर शेवटच्या बाकावरील प्रेक्षकापाशी आहे. अरिना रॉकच्या गायकांपुढे माइक होता, पण शेवटचे बाक फारच लांब गेले होते.

गिटारविषयी लेखकांनी दोनच सुरांची गरिबी असा शेरा मारला आहे, त्याचेही उत्तर असेच आहे. या शैलीत गिटारवर पुष्कळदा पूर्ण स्वरसंघात (कॉर्ड) न वाजवता केवळ षड्ज आणि पंचम यांची जोडी छेडतात. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणून आवाजाला जी खरखर आणली जाते, तिच्यात मूळ स्वरांच्या बेरजा आणि वजाबाक्या होऊन नवे स्वर उत्पन्न होतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे त्यातून निघणारी वजाबाकी खालच्या सप्तकातील षड्जावरच पडते आणि नाद भरदार होतो. त्यात गंधार मिसळला की हार्मोनियमसारख्या समान अंतरांच्या स्वरांत तो मुळातच किंचित चढा असल्याने खरखर गढूळ होते, आणि क्रीडागृहाचा घुमारा त्या गढूळपणात भर घालतो. ज्याने तंबोऱ्याच्या तारा जुळवताना जोडीतून तिसराच सूर उमटलेला ऐकला आहे, त्याला ही गरिबी वाटणार नाही. तंबोरा शांत खोलीत जे करतो, ते येथे वीस हजारांच्या गलक्यात साधायचे होते.

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण क्वीन या ब्रिटिश बँडचे आहे, आणि लेखकांची सर्वांत मोठी चूकही तेथेच झाली आहे. १९७७ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डजवळच्या बिंग्ली हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक घरी जाईनात. फुटबॉलच्या मैदानात गातात ते गाणे ते सर्वजण मिळून गाऊ लागले. गिटारवादक ब्रायन मे यांच्या मनात त्यावरून विचार आला की दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येते? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते आणि गाता येते. दोनदा पाय, एकदा टाळी आणि मग रिकामी जागा असा 'वी विल रॉक यू'चा ठेका त्यातून आला. मिनिटाला सुमारे ८० मात्रांची ती लय आहे, म्हणजे टाळीनंतर पुढचा पाय पडेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास उसंत मिळते. हॉलचा घुमारा विरायला आणि लांबच्या रांगेतील उशिरा पडलेली टाळी सामावून घ्यायला ती उसंत पुरते. फ्रेडी मर्क्युरीने याच विचाराला जोड म्हणून 'वी आर द चॅम्पियन्स' लिहिले आणि दोन्ही गाणी त्या वर्षीच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या अल्बममध्ये लागोपाठ आली.

ध्वनिमुद्रण लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झाले. तेथे पडलेल्या लाकडी फळ्यांवर बँडच्या मंडळींनी पुनःपुन्हा पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, आणि ते थर एकावर एक चढवले. जमाव मोठा भासावा म्हणून कृत्रिम घुमारा मिसळणे हा सोपा मार्ग होता. मे यांनी तो टाळला. भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस. पुढे २००७ मध्ये त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून खगोलभौतिकीत डॉक्टरेटही घेतली. त्यांनी प्रत्येक थराला वेगवेगळा सूक्ष्म उशीर दिला आणि हे उशीर मूळ संख्यांच्या, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग जात नाही अशा संख्यांच्या, प्रमाणात ठेवले, जेणेकरून त्यांच्यात एकमेकांशी सुसंगत असा प्रतिध्वनी तयार होऊ नये आणि ऐकणाऱ्याला आपल्या आजूबाजूला, कोणी जवळ तर कोणी लांब, हजारो माणसे पाय आपटत आहेत असे वाटावे. क्रीडागृहातील अंतर हेच येथे वाद्य म्हणून वाजवले आहे. गिटार गाण्याच्या अगदी शेवटी येते. तोवर मनुष्यदेहाखेरीज काही वाजत नाही. गंमत अशी की त्याच सुमारास त्याच इमारतीत सेक्स पिस्टल्स हा बँड आपला अल्बम मुद्रित करत होता, आणि पंक चळवळीची ही तरुण मंडळी क्वीनसारख्यांचे भव्य संगीत मोडीत काढायला निघाली होती. भिंतीपलीकडे नेमके काय चालले आहे, याची दोघांनाही कल्पना होती.

फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फरोख बलसारा, झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, आणि त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. त्यामुळे आमच्या भागात त्याच्याविषयी पुष्कळ दंतकथा प्रचलित आहेत, आणि त्यांतील बऱ्याच चहाच्या टपरीवर जन्मलेल्या आहेत. तेथे त्याने शाळासोबत्यांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड काढून पियानो वाजवला, एवढे खरे. टेबललँडच्या पठारावर त्याला अरिना रॉक सुचला, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. त्याचे मोठेपण १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवर सर्वांत स्पष्ट दिसले. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या लाइव्ह एड या कार्यक्रमात क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. दिवसाउजेडी, प्रकाशयोजनेच्या मदतीवाचून, सुमारे ७२,००० माणसांपुढे त्याने नुसत्या स्वरांचे तुकडे फेकले आणि जमावाने ते जसेच्या तसे परत केले. कीर्तनकार बुवा श्रोत्यांकडून नामघोष करवून घेतात, तेव्हा लय हातची जाऊ नये म्हणून ते स्वतः किती थांबतात, हे ज्याने बारकाईने पाहिले असेल, त्याला वेम्बलीतील त्याच्या थांबण्याची किंमत कळेल. आवाज परत येईपर्यंत तो पुढचा तुकडा टाकत नाही. जागेची लांबी त्याने अंगानेच मोजली होती.

या शैलीत असेही काही आहे जे मला स्वतःला फारसे आवडत नाही, आणि तेथे लेखकांशी माझा वाद नाही. १९७६ मध्ये बोस्टन या बँडचा पहिला अल्बम आला. टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले यांत्रिकी अभियंते. पोलरॉइड कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी तो बव्हंशी आपल्या घराच्या तळघरात एकट्याने, महिनोन्‌महिने खपून मुद्रित केला. क्रीडागृह भरून टाकणारा नाद एका तळघरात बसून, हजारो श्रोते केवळ कल्पनेत ठेवून घडवला गेला, आणि अमेरिकेतच त्याच्या एक कोटी सत्तर लाख प्रती गेल्या. तो अल्बम मला आवडतो. पण त्याच्या यशानंतर जे घडले, ते आपल्या भावगीतांच्या आणि चित्रपटसंगीताच्या इतिहासातही घडलेले आहे: नकाशा सापडल्यावर सगळे त्याच रस्त्याने निघाले. एफएम रेडिओच्या केंद्रांनी कोणती गाणी वाजवायची याचे साचे ठरवले, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्या साच्यात बसणारे बँड उचलले, आणि ऐंशीचे दशक अर्धे उलटेपर्यंत हळू पियानोने सुरू होऊन तिसऱ्या मिनिटाला ड्रमसह फुटणारी प्रेमगीते एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे अशी झाली. अमेरिकी समीक्षकांनी त्याला कंपन्यांचा रॉक म्हणून हिणवले, ते सर्वस्वी अन्याय्य नव्हते. तरीही त्याच काळात जर्नीने 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन'' हे १९८१ चे गाणे असे बांधले की ध्रुपद म्हणावे ते गाण्याची तीन मिनिटे उलटून गेल्यावर प्रथम येते. पियानोच्या एकाच फिरत्या खर्जावर एकेक पात्र येत राहते आणि श्रोता वाट पाहत राहतो. साचा वापरणारा आणि साचा समजून घेणारा यांतला फरक मला त्या गाण्यात ऐकू येतो.

गर्दीच्या मानसशास्त्राविषयी लेखकांनी व्यक्त केलेली भीतीही मी हसण्यावारी नेत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित संगीतविषयक नियतकालिकात क्वीनला फॅसिस्ट ठरवण्यापर्यंत एका समीक्षकाची मजल गेली होती. ती मला अतिशयोक्ती वाटते, पण हजारो हात एका इशाऱ्यावर वर जाताना पाहून एखाद्याच्या अंगावर काटा यावा, यात नवल नाही. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट कोलिझियमबाहेर 'द हू'च्या कार्यक्रमाला जमलेल्या गर्दीत चेंगरून अकरा तरुण मृत्युमुखी पडले. जागा राखीव नव्हत्या, जो आधी शिरेल तो पुढे उभा राहणार होता, आणि उघडलेली दारे अगदी थोडी होती. त्या शहराने लवकरच बिनराखीव प्रवेशाच्या अशा पद्धतीवर बंदी आणली आणि ती अनेक वर्षे टिकली. कलावंतांनाही हे अंतर खुपत होते. पिंक फ्लॉइड या बँडचा रॉजर वॉटर्स १९७७ च्या जुलैमध्ये माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये एका प्रेक्षकावर थुंकला. त्याची स्वतःलाच इतकी किळस आली की गायक आणि श्रोते यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या भिंतीची कल्पना त्यातून निघाली, आणि 'द वॉल' हा १९७९ चा अल्बम त्यावर रचला गेला. कार्यक्रमात रंगमंचावर खरोखरच भिंत बांधत नेली जाई. अरिना रॉकवरची सर्वांत कठोर टीका अशी अरिनातच उभी राहून केली गेली, हे लेखकांच्या नजरेतून सुटले आहे.

राहता राहिली मिरवणुकीतील डीजेची तुलना. येथे मी व्यवसायाने अधिकारवाणीने बोलू शकतो आणि थोडा रागानेही. क्रीडागृहातील ध्वनिरचनेचा सारा खटाटोप पहिल्या रांगेतील आणि शेवटच्या रांगेतील श्रोत्याला शक्य तितका सारखा आवाज मिळावा यासाठी असतो. मनोऱ्यांवरचे उशिराचे स्पीकर त्यासाठी, आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये ख्रिस्तियाँ हाइल यांनी आणलेली, वक्र रेषेत टांगलेली आजची स्पीकरची माळही त्यासाठीच. ती आवाज छताकडे उधळू न देता श्रोत्यांवर पसरवते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या डीजेच्या भिंतीत असा कोणताही हिशेब नसतो. समोरच्या माणसाची छाती हादरावी, शेजारच्या मंडळाचा आवाज झाकला जावा आणि पुढच्या वर्षी भिंतीत आणखी चार बेस चढावेत, एवढाच तिचा उद्देश. तेथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा काही संबंधच उरलेला नसतो. कोणी कोणाला प्रतिसाद द्यायचा? असे काम मी बारा वर्षांपूर्वी सोडले. दोन्हींत वॉट जास्त असतात एवढ्यावरून त्यांना सख्खे भाऊ ठरवणे म्हणजे पखवाज आणि दवंडीचा डफ दोन्ही चामड्याचे म्हणून एकाच घराण्यात बसवण्यासारखे आहे.

ज्यांना पडताळा हवा आहे, त्यांना आता परदेशी जावे लागत नाही. १५ डिसेंबर २०१९ रोजी यू२ हा आयरिश बँड नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच मैदानावर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. यू२च्या वेळी पुतण्याच्या आग्रहाने मी गेलो होतो आणि मुद्दाम लांबच्या कठड्याशी उभा राहिलो. त्यांचा गिटारवादक एज एक स्वर छेडतो आणि प्रतिध्वनीचे यंत्र तोच स्वर पाऊण मात्रेच्या अंतराने परत करते. छेडलेले आणि परतलेले स्वर एकमेकांत गुंफून, वाजवले त्याच्या दुप्पट वाजल्याचा भास होतो. घुमाऱ्याशी भांडण्याऐवजी त्याला लयीत बांधून घेण्याचा हा प्रकार मैदानाच्या टोकाला उभे राहूनही मला अक्षर न्‌ अक्षर ऐकू आला. आमच्या पिढीने ज्या घुमाऱ्याला शत्रू मानून सतरंज्या आणि पडदे टांगत जन्म काढला, त्याला असे कामाला लावलेले पाहून मला थोडा हेवा वाटला.

पत्र लांबले, याची जाणीव आहे. छापताना काटछाट करण्यास माझी हरकत नाही. परंतु एक दुरुस्ती मात्र गाळू नये. 'वी विल रॉक यू'मधील ठेका यंत्रावर वाजवलेल्या ढोलाचा आहे, असे लेखकांनी लिहिले आहे. त्या गाण्यात ढोल नाही आणि ढोल वाजवणारे यंत्रही नाही. ते लाकडी फळ्यांवर आपटलेले पाय आहेत.

आपला नम्र,
एक ध्वनिक्षेपण व्यावसायिक, वाई, जि. सातारा